ठिपके मोजण्याआधी जहाज कुठून गेलं ते बघा

देवमासे कुठे आढळतात यावर संशोधन करायचंय? जीआयएस (संगणकावर नकाशे करायचं तंत्र) शिका, संख्याशास्त्र पक्कं करा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. ते जमतंच हळूहळू. माझे सगळ्यात जास्त महिने खाल्ले ते नकाशावरच्या कोऱ्या जागांनी.

देवमाशांच्या नोंदींचा नकाशा उघडला की किनाऱ्यालगत ठिपक्यांची दाटी आणि पलीकडे मोकळा समुद्र. मोकळा म्हणजे तिथे देवमासे नाहीत, असं मन परस्पर ठरवून टाकतं. बहुतेकदा तिथे कुणी शोधायलाच गेलेलं नसतं. गेलं असलं, तरी लाटा फुटत असतील तर पाठ दिसत नाही. स्पर्म व्हेल तर पाऊण पाऊण तास खालीच असतो. तोवर जहाज पुढे जातं आणि तक्त्यात शून्य पडतं. तेव्हा किती किलोमीटर शोध झाला, कुठल्या महिन्यात, समुद्र कसा होता, डेकवर निरीक्षक किती, हे आधी मागा. मिळालं नाही तर ‘इथे आढळत नाहीत’ हे वाक्य प्रबंधात लिहू नका. अजिबात नको.

शिकारीच्या जुन्या नोंदींनाही हेच लागू. सोव्हिएत ताफ्यांनी वर्षानुवर्षं खोटे आकडे कळवले. खरे १९९० च्या दशकात बाहेर आले. त्यातूनच १९६५-६६ मध्ये अरबी समुद्रात मारलेल्या २४२ हंपबॅक देवमाशांचा पत्ता लागला. पोटातल्या गर्भांच्या लांबीवरून कळलं, की त्यांचं प्रजननचक्र उत्तर गोलार्धाचं आहे. म्हणजे हे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हेत!

देवमाशांच्या अभयारण्याच्या, म्हणजे शिकारबंदी असलेल्या समुद्राच्या, सीमेत मात्र जीवशास्त्र शोधत बसू नका. दक्षिण महासागर अभयारण्याची (१९९४) हद्द बरीचशी ४०° दक्षिणेवर आहे, पण हिंदी महासागराखाली ती ५५° वर सरकते. कारण १९७९ चं हिंदी महासागर अभयारण्य तिथवर येतं. देवमाशांचं खाद्य असलेले कोळंबीसारखे क्रिल काही अक्षांश बघून वाढत नाहीत. शिवाय बंदी आहे ती व्यापारी शिकारीला. जहाजाची धडक, जाळी यांना ही रेषा अडवत नाही.

तयार नोंदी उतरवून थेट मॅक्सएंटमध्ये (नोंदींवरून प्राणी कुठे असू शकतो याचा अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ओतणाऱ्यांचं मला कौतुक नाही. नकाशा रंगीत येतो, इतकंच. मार्गदर्शक कधी बोटीवर गेलेला नसला तरी चालेल, पण ‘हे शून्य कशाचं?’ असं विचारत नसेल तर दुसरा बघा.

बोट लागते म्हणून मात्र हे क्षेत्र सोडू नका. हायड्रोफोनची (पाण्याखालच्या मायक्रोफोनची) ध्वनिमुद्रणं ऐकायला आणि एकेक देवमासा ओळखण्यासाठी शेपट्यांचे फोटो जुळवायला माणसं कायम कमीच पडतात.