अल्पपरिचित विनोदी लेखकाची नोंद लिहिताना

कोल्हापुरातील एका अल्पपरिचित विनोदी लेखकाची नोंद मराठी विकिपीडियासाठी लिहायला घेतली, तेव्हा हे काम पंधरा दिवसांत हातावेगळे होईल अशी माझी समजूत होती, कारण दिवाळी अंकांतले त्यांचे लेख मी शाळेपासून वाचत आलो होतो. आज आठ महिने झाले आणि दोन परिच्छेद अजून बाकी आहेत. नोंद पूर्ण व्हायची असल्याने त्यांचे नाव येथे घेत नाही. मात्र याच वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडेल ते सांगतो.

लेखक आपल्याला किती आवडतो, याला विश्वकोशात स्थान नाही. लेखकाशी संबंध नसलेल्या कोणी त्याच्याविषयी पुरेशा विस्ताराने लिहिलेले कुठे प्रसिद्ध झाले आहे का, हे आधी पाहावे लागते. ते नसेल तर नोंद उल्लेखनीयतेच्या निकषावर टिकत नाही. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी परीक्षणे, मृत्युलेख आणि वाङ्मयकोशांतले उल्लेख गोळा करावेत. मी १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरापासून सुरुवात केली आणि नंतर शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात गेलो. १९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची आधी उघडावी. तिने माझे कित्येक दिवस वाचवले.

विनोदी लेखकाच्या बाबतीत एक अडचण अशी येते, जी कवीच्या किंवा इतिहासकाराच्या बाबतीत सहसा येत नाही. त्याचे लेखन बहुधा प्रथमपुरुषी असते आणि त्यातला ‘मी’ हा रचलेला असतो. आमच्या लेखकाने एका लेखात आपण मॅट्रिकला तीनदा बसल्याचे लिहिले आहे, आणि पुढे एका स्मरणिकेने तेच वाक्य चरित्र म्हणून छापले आहे. प्रत्यक्षात घरी जपलेल्या प्रमाणपत्रावरून ते पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाल्याचे दिसते. प्रमाणपत्र खाजगी असल्याने त्याचा आधार मला देता येत नव्हता, म्हणून मी ते विधानच नोंदीतून वगळले. टोपणनावांचाही असाच गुंता असतो. राम गणेश गडकरी विनोदासाठी ‘बाळकराम’ आणि कवितेसाठी ‘गोविंदाग्रज’ होते, हे सर्वांना ठाऊक आहे. लहान लेखकाचे टोपणनाव मात्र अनेकदा फक्त त्याच्या घरच्यांनाच माहीत असते.

घरच्यांकडे जाणे त्यासाठीच आवश्यक आहे. शिवाजी पेठेत त्यांच्या कन्या राहतात. “बसा की निवांत, पेटी काढून देते,” असे म्हणत त्यांनी पत्र्याची पेटी पुढ्यात ठेवली. आत वडिलांच्या लेखांची कात्रणे होती, पण कात्री इतकी काटेकोर चालली होती की वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख दोन्ही कापली गेली होती. एक कात्रण मी सहज उलटले, तर मागे पाडव्याच्या मुहूर्तावर निघालेल्या गुळाच्या सौद्यांची बातमी होती. म्हणजे लेख दिवाळी पाडव्यानंतरच्या दोन-चार दिवसांतला होता. लेखातल्या एका उल्लेखावरून वर्षाची मर्यादा चारवर आली, आणि वाचनालयातल्या बांधीव फाइलींमध्ये त्या चारांपैकी तिसऱ्या वर्षाच्या फाइलीत ते पान मिळाले. कात्रणाची मागची बाजू नेहमी पाहावी आणि तिचेही छायाचित्र घ्यावे. घरच्यांची आठवण आपल्याला कागदापर्यंत नेते, पण नोंदीत संदर्भ म्हणून द्यायचा तो त्या कागदाचाच.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायला हवी. त्यांच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर जन्म ‘फाल्गुन शके १८४०’ असा दिला होता. मी ७८ मिळवून १९१८ लिहिले. शक बदलतो गुढीपाडव्याला आणि इसवी सन बदलते जानेवारीत, त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. खरे वर्ष १९१९ होते. विकिपीडियावरच्या एका जुन्या संपादकाने ही चूक दाखवून दिली, पण तोवर ती दुसऱ्या संकेतस्थळांवर उतरली होती, आणि तिथून ती काढून टाकण्यासाठी मी अजून पत्रे लिहीत आहे.

छायाचित्राबाबत थोडक्यात सांगतो. घरच्यांनी प्रेमाने दिलेला फोटो परस्पर चढवू नये, कारण त्याचा हक्क बहुधा तो काढणाऱ्याकडे असतो. लेखी परवानगी घ्यावी. लेखनाचा हक्क आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणून उतारेही मोजकेच द्यावेत.

बाकी राहिलेल्या परिच्छेदांपैकी एक आकाशवाणीवरच्या श्रुतिकांचा, म्हणजे नभोनाट्यांचा, आहे. ध्वनिफिती मिळालेल्या नाहीत, परंतु त्या काळी वर्तमानपत्रांत आकाशवाणीच्या रोजच्या कार्यक्रमांचा रकाना येत असे. त्यात श्रुतिकेचे नाव, वेळ आणि कधीकधी लेखकही छापलेला असतो. सध्या रोज संध्याकाळी तासभर मी तो रकाना वाचतो आहे, आणि आतापर्यंत दोन श्रुतिका सापडल्या आहेत.