वीज विधेयकावर संसदीय समितीला निवेदन पाठवायचं तर

एखादं विधेयक लोकसभेत मांडलं जातं, गोंधळ होतो आणि 'विधेयक स्थायी समितीकडे' अशी दोन ओळींची बातमी येते. बहुतेकांचा त्यातला रस तिथेच संपतो. पण बाहेरच्या माणसाचं म्हणणं लेखी नोंदीत जाण्याची सोय सुरू होते ती याच टप्प्यावर. ऑगस्ट 2022 मध्ये वीज (सुधारणा) विधेयक असंच ऊर्जाविषयक स्थायी समितीकडे गेलं. ते मंजूर न होताच 2024 मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं, पण उदाहरण म्हणून उत्तम आहे. खालचं सगळं त्याच्या आधाराने.

आधी दार बरोबर निवडा. विभागांशी संलग्न अशा 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत 31 सदस्य, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे, आणि मुदत एक वर्ष. मंत्री सदस्य होऊ शकत नाहीत. उत्तरं द्यायला मंत्रालयाचे सचिव येतात. ऊर्जा समितीकडे वीज आणि नवीकरणीय ऊर्जा अशी दोन मंत्रालयं आहेत. पेट्रोलियमची समिती वेगळी आणि कोळसाही दुसरीकडे, त्यामुळे गॅस सिलिंडरचं निवेदन इथे पाठवलं तर नुसतं टपाल वाया. घरच्या बिलातली चूक, जळालेला ट्रान्सफॉर्मर, रखडलेली शेतीपंपाची जोडणी हेही इथे चालत नाही. रोजच्या प्रशासनाच्या बाबींत समितीने पडायचं नाही, असं नियमातच आहे. दरवाढीला हरकत घ्यायची असेल तर महाराष्ट्र राज्य वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत जा. ती वेगळी यंत्रणा आहे आणि तिची जाहीर सूचनाही वेगळी निघते. या दोन सुनावण्यांची गल्लत सर्रास होते.

विधेयक समितीकडे गेलं की सहसा वृत्तपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर निवेदनं मागवणारी जाहिरात येते. मुदत बहुधा 15 दिवसांची असते, म्हणजे जाहिरात दिसल्यावर वाचायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. विधेयक मांडलं त्याच दिवशी त्याची प्रत आणि मूळ कायदा (इथे 2003 चा वीज कायदा) उतरवून घ्या. विधेयकात फक्त 'अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द' एवढंच असतं. मूळ कायदा शेजारी ठेवल्याशिवाय काही कळत नाही. दोन्ही समोर घेऊन पेन्सिलीने शब्द खोडत, नवे लिहीत बदललेलं कलम स्वतः तयार करा. वीज कायद्यासारख्या कायद्याला यात दोन संध्याकाळी सहज जातात, पण निम्मे आक्षेप या कामातच सापडतात.

इथे क्रमांकांचा एक सापळा आहे. मूळ कायद्याचं ते कलम, विधेयकाचा तो खंड. दोघांचे आकडे जुळत नाहीत. नुसतं '42 ला विरोध' लिहिलंत तर समितीच्या सचिवालयातल्या माणसाला ते कुठे लावायचं हेच कळणार नाही. दोन्ही क्रमांक द्या.

आता लिहिण्याचं. समितीच्या अहवालात शेवटी उरतात त्या शिफारशी. सचिवालय आलेल्या निवेदनांमधून खंडवार मुद्दे काढून तक्ता करतं, मंत्रालयाचं त्यावरचं म्हणणं शेजारी मांडतं आणि त्यातून मसुदा घडतो. म्हणून तुमचा मजकूर उचलून तक्त्यात बसेल असा हवा. प्रत्येक मुद्द्याला चार गोष्टी: खंड व कलम, आजची तरतूद, अडचण काय, आणि बदली शब्दरचना. चौथी गोष्ट लोक गाळतात, आणि नेमकी तीच कामाची असते.

नमुना पाहा. 2022 च्या विधेयकात एकाच भागात अनेक वितरण परवानाधारक, म्हणजे घरोघरी वीज पुरवणाऱ्या कंपन्या, आणि एकमेकांच्या वायरी वापरण्याची मुभा होती. मोठे ग्राहक एका कंपनीकडे आणि गरीब ग्राहक दुसरीकडे असं झालं तर क्रॉस सबसिडीचं, म्हणजे मोठ्यांकडून जादा दर घेऊन गरिबांना स्वस्त वीज देण्याचं, काय, यासाठी नवं कलम 60अ सुचवलं होतं: एका परवानाधारकाकडे उरलेली जादा रक्कम निधीत जाईल आणि तिथून तूट असलेल्याला मिळेल. यावर 'हे खासगीकरण आहे, आमचा तीव्र विरोध' असं लिहिलं तर तक्त्यात एक ओळ वाढते, बस्स. त्याऐवजी असं लिहा: 'प्रस्तावित कलम 60अ: निधीतली रक्कम तूट असलेल्या परवानाधारकाला किती दिवसांत मिळेल, याची मुदत नाही. पैसे अडकले तर वीजखरेदीची देणी थकतात. दुरुस्ती: "प्रत्येक तिमाही संपल्यापासून 30 दिवसांत ही रक्कम वर्ग करण्यात येईल, विलंब झाल्यास राज्य आयोग ठरवील त्या दराने व्याज देय राहील" हे शब्द घालावेत.' विधेयकच नको असेल तरी हे लिहा. 'मुळात मागे घ्यावं. न घेतल्यास पुढील दुरुस्त्या कराव्यात', अशी दुहेरी मांडणी चालते.

पुरावा जवळचा द्या. मुंबई उपनगरात एकाच भागात दोन वीज कंपन्या आणि एकीच्या वायरींवरून दुसरीची वीज ही व्यवस्था हे विधेयक येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तिथल्या दरांचे आयोगाचे आदेश जाहीर आहेत. आदेशाची तारीख, प्रकरण क्रमांक आणि पानासकट दिलेला एक आकडा दहा विशेषणांना भारी पडतो. स्रोत नसलेला आकडा मात्र टाकूच नका. मंत्रालयाने तो एक खोडला की बाकीचं निवेदनही संशयात जातं.

लांबी चार-पाच पानं. पहिल्या पानावर तुम्ही कोण, विषयाशी संबंध काय, आणि मागण्या तीन वाक्यांत. भाषा हिंदी किंवा इंग्रजी. जाहिरातीत तेच मागितलेलं असतं. मराठीत विचार करून हिंदीत उतरवताना कायद्याचे शब्द चुकतात, तेव्हा विधेयकाच्या हिंदी प्रतीतले शब्दच वापरा. दोन छापील प्रती, शिवाय ईमेलने मजकूर कॉपी करता येईल अशी फाइल. सही करून स्कॅन केलेलं चित्र एकटं पाठवू नका, त्यातून कुणी शब्द उचलू शकत नाही. प्रत्यक्ष साक्ष द्यायची तयारी असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. बोलवायचं की नाही हे समिती ठरवते.

निवेदन दिल्यावर ते समितीच्या कागदपत्रांचा भाग होतं. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत ते गोपनीय असतं. वर्तमानपत्राला दिलं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं तर संसदेच्या विशेषाधिकारांचा भंग होऊ शकतो. उत्साही संघटना नेमक्या इथेच घसरतात. विषयावर लेख लिहा, सभा घ्या. निवेदनाची प्रत मात्र फाइलमध्येच राहू द्या.

बोलावणं आलंच तर बैठक बंद दाराआड होते. अमेरिकेत ऊर्जामंत्रिपदासाठी नाव आलेल्या माणसालाही सिनेटच्या ऊर्जा समितीपुढे कॅमेऱ्यांसमोर बसावं लागतं. जानेवारी 2025 मध्ये ख्रिस राइट बसले होते. आपल्याकडे नेमणुकांवर संसदीय सुनावणी हा प्रकारच नाही. राज्य वीज आयोगाच्या सदस्यांची निवडही 2003 च्या कायद्याच्या कलम 85 नुसार निवड समिती करते, तेव्हा त्या तक्रारीचं निवेदन इथे पाठवू नका. साक्षीत सुरुवातीलाच तीन मागण्या सांगून टाका, कारण सदस्य मध्येच प्रश्न विचारतात आणि तयार भाषण अर्ध्यावर राहतं. माहीत नसेल तर 'लेखी कळवतो' म्हणा, आणि खरंच कळवा. शब्दशः नोंद होते. साक्षीचा मसुदा तपासायला आला तर चुकलेले आकडे दुरुस्त करा, मत बदलू नका.

खर्चाचं गणित वेगळं. 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पानंतर सभागृहाला सुटी मिळते आणि समित्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात. त्यासाठी लोकांकडून निवेदनं मागवण्याची पद्धत नाही. तेव्हा समितीत तुमच्या भागातला खासदार आहे का पाहा आणि सुटी लागताच त्याला एक पान द्या: योजनेचं नाव, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च आणि एक प्रश्न. अंदाज मोठा, सुधारित अंदाज निम्मा आणि खर्च त्याहून कमी, अशी ओळ सापडली तर तीच धरा. 'तरतूद कापा' मात्र मागू नका. कपात सूचनेसारखं (मागणीतली रक्कम कमी करण्याच्या प्रस्तावासारखं) काही सुचवायचा समितीला अधिकार नाही. झालेल्या खर्चातली गडबड हे लोकलेखा समितीचं काम, आणि तीही महालेखापरीक्षकांच्या अहवालाचा धागा धरून चालते. त्या अहवालातला परिच्छेद क्रमांक नसेल तर पत्राला वजन येत नाही.

अहवाल मांडला गेला की आधी परिशिष्टं उघडा. साक्षीला कोण आलं आणि बैठकांत काय झालं ते तिथे दिसतं. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण सरकारला तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर कार्यवाही अहवाल निघतो. त्यातलं दुसरं प्रकरण स्वीकारलेल्या शिफारशींचं, तिसरं समितीने सोडून दिलेल्यांचं, चौथं समितीला न पटलेल्या उत्तरांचं आणि पाचवं अंतिम उत्तर बाकी असलेल्यांचं. तुमचा मुद्दा चौथ्यात किंवा पाचव्यात दिसला तर शिफारस क्रमांक टिपून ठेवा आणि पुढच्या फेब्रुवारीत खासदाराला द्यायच्या त्या एका पानावर तो सगळ्यात वर लिहा.