लोअर केलेल्या गाडीचं तुटलेलं सस्पेन्शन कसं बदलायचं

सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक उतरताना पुढून 'खट्' असा कोरडा आवाज आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डावं चाक कमानीत जरा जास्तच घुसलेलं दिसलं. आदल्या संध्याकाळी भांडुपला एलबीएस रोडवर पाण्याखालचा खड्डा मला दिसला नव्हता. माझी हॅचबॅक लोअरिंग स्प्रिंग टाकून ३५ मिलिमीटर खाली आणलेली आहे. चाक काढून पाहिलं तर स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटून बोटभर तुकडा स्प्रिंग टेकते त्या बैठकीत पडला होता. तुटलेलं तोंड अर्धं गंजून तपकिरी झालेलं, अर्धं चकचकीत. म्हणजे तडा कधीचाच गेला होता, खड्ड्याने फक्त शेवटचा धक्का दिला.

सुट्या भागांचे पैसे मोजण्याआधी एक गोष्ट ठरवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बसत नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही गेले असतील तर कंपनीच्या उंचीवर परत जायची हीच वेळ आहे. पावसाळ्यातले मुंबईचे रस्ते बघता मी मनापासून तेच सुचवेन. गाडी खाली आणायला कापलेली स्प्रिंग असेल तर विचारही करू नका, काढून टाका. तिचं कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते.

काय तुटलंय ते आधी नक्की करा. गाडी उचलून चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खेळ (सैलपणा) लागला तर बॉल जॉइंट (चाक आणि खालचा दांडा जोडणारा सांधा) किंवा व्हील बेअरिंग. ३ आणि ९ वर लागला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा). छोट्या खड्ड्यांवर हलका कटकट आवाज बहुतेक वेळा लिंक रॉडचा (वळणावर गाडी झुकू न देणारा बार शॉकअपला जोडणाऱ्या दांडीचा) असतो. शॉकअपवर तेल ओघळलंय का, बंप स्टॉपचा (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणाऱ्या ठोकळ्याचा) चुरा झालाय का, लोअर आर्मच्या (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशचं रबर फाटलंय का, हे टॉर्च मारून बघा. टायर फक्त आतल्या कडेने झिजला असेल तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) दोन्ही बिघडलेत असं समजा. लोअर केलेल्या गाडीत एकच भाग गेला असं सहसा होत नाही. शॉकअपला दबायला जागा कमी उरते, तो सारखा बंप स्टॉपवर आदळतो आणि तो मार माउंट, बुश, बॉल जॉइंट सगळ्यांना बसतो.

नवे भाग ऑपेरा हाउसच्या बाजारात मिळतात, वापरलेले कुर्ल्याला सीएसटी रोडवर. जुना भाग आणि चॅसी नंबर सोबत न्या. बॉल जॉइंट, शॉकअप आणि रबराची कुठलीही वस्तू वापरलेली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. स्प्रिंग आणि शॉकअप डाव्या-उजव्या बाजूचे जोडीनेच बदला. उघडताय तर स्ट्रटचं (शॉकअप आणि स्प्रिंग मिळून होणाऱ्या खांबाचं) माउंट आणि बेअरिंगही नवीन टाका, तेवढ्यासाठी पुन्हा सगळं खोलायला नको.

आपल्याकडे खारी हवा आहे, बोल्ट धरून बसतात. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने साफ करा. सकाळी, गाडी जमिनीवर असतानाच, हबच्या मध्यापासून चाकाच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून लिहा. बाजू बसली असेल तर चांगल्या बाजूचं माप धरा. हे माप पुढे लागणार आहे.

जॅक बंपरखाली शिरत नसेल तर पुढची चाकं आधी जाड फळ्यांवर चढवा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ओट (अडसर) लावा, व्हील नट थोडे सैल करा आणि गाडी उचलून दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावा. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर घोडीखाली जाड प्लायवूड ठेवा, ब्लॉक खचतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालायचा नाही.

चाक काढल्यावर ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा. लिंक रॉडचा नट फिरवताना आतला स्टड सोबत फिरतो, त्याच्या टोकाला अ‍ॅलन की लावून तो धरून ठेवा. स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर रंगाची खूण करा, म्हणजे कॅम्बर निदान जवळपास राहील. हब तारेने बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. मग बॉनेट उघडून वरचे माउंटचे नट काढा आणि स्ट्रट बाहेर घ्या.

स्ट्रटच्या मधोमध असलेल्या नटाला मात्र इतक्यात हात लावू नका. स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारी हत्यारं) समोरासमोर लावून, दोन्ही बाजू आलटून पालटून आवळत, स्प्रिंग बैठकीत सैल हलू लागली की मगच तो उघडायचा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. कंप्रेसर नसेल किंवा तुटलेल्या स्प्रिंगवर तो नीट पकडत नसेल तर स्ट्रट उचलून गॅरेजमध्ये न्या. मी तेच केलं. जोडताना स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेला टेकलंय ना ते डोळ्यांनी बघा. बंप स्टॉप त्या स्प्रिंगला सांगितलेल्या लांबीचाच हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोअर आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या धातूच्या नळीला चिकटलेलं असतं आणि बोल्ट ती नळी आवळून धरतो. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. लोअर केलेल्या गाडीत आर्म आणखी वर जातो, म्हणून पीळही जास्त. मागे एका गॅरेजमध्ये माझे बुश असे हवेतच आवळले आणि चार महिन्यांत फाटले. दुसरे लावताना आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांनी मला थांबवलं. "गाडी आधी पायावर उभी कर रे, मग बोल्टला हात लाव."

गाडी इतकी खाली की जमिनीवर असताना पाना शिरत नाही. म्हणून बुशचे बोल्ट आधी नुसते हाताने बसवा, बॉल जॉइंटजवळ आर्मखाली जॅक लावा आणि हबपासून कमानीपर्यंतचं अंतर सकाळी लिहिलेल्या मापाइतकं (कंपनीच्या उंचीवर परत जात असाल तर कंपनीच्या मापाइतकं) होईपर्यंत हळूहळू उचला. गाडी घोडीवरून सुटत नाही ना याकडे लक्ष असू द्या. त्या उंचीवर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने), सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे आवळा. काढलेले लॉकनट पुन्हा वापरू नका.

गाडी खाली घेतल्यावर व्हील नट समोरासमोरचे आवळा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर किंवा ब्रेकचा पाइप कुठे घासत नाही ना ते बघा, मग हळू चालवत थेट व्हील अलाइनमेंटला न्या. उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोतही जुळवून घ्या. दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट तपासा आणि हबपासून कमानीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी पुन्हा मोजा. माझे आकडे मी बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलेत: डावीकडे ३४०, उजवीकडे ३४२ मिलिमीटर.