गोष्ट आपली, पण किती सांगायची?

मला एचआयव्ही आहे. त्याबद्दल पहिल्यांदा लोकांसमोर बोललो तेव्हा मी सुरुवातच ‘मला हे कसं झालं’ इथून केली आणि तिथेच फसलो. पुढचा सगळा वेळ लोक तेवढंच उकरत बसले, हा बिचारा की स्वतःच्या कर्माने, एवढाच निकाल लावायचा होता त्यांना.

तर कसं झालं ते सांगायचंच नाही. कुणी विचारलं तर ‘पुढचा प्रश्न’ म्हणायचं, हसून म्हटलं तरी चालतं. रक्तातून झालं म्हणून आपण सहानुभूती घेतली की ज्यांना दुसऱ्या मार्गाने झालं त्यांना आपणच खाली ढकलतो.

सुरुवात करा कुणीतरी चुकीचं वागलं तिथून. माझं हर्नियाचं ऑपरेशन होतं, केसपेपरवर लाल पेनाने मोठ्ठं ‘पॉझिटिव्ह’ लिहून तो बेडच्या पायथ्याला अडकवला, अगदी चहावाल्यालाही दिसेल असा, आणि शेजारच्या पेशंटने रात्रीत खाट बदलून घेतली. ‘भेदभाव झाला’ म्हटलं की लोक माना डोलावतात आणि मोबाईल बघतात, लाल पेन म्हटलं की सिस्टर लोक खाली बघतात. मग लगेच कायदा सांगायचा: 2017 चा एचआयव्ही कायदा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू, लेखी संमतीशिवाय दवाखान्याने असं जगजाहीर करणं चालत नाही, एचआयव्ही आहे म्हणून उपचार किंवा नोकरी नाकारणंही नाही. तक्रार राज्याच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करता येते, 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, इमर्जन्सी असेल तर शक्यतो 24 तासांत. कुठे जायचं कळत नसेल तर 1097 या एचआयव्हीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

गोष्ट दोनदा लिहा. एक तक्रारीसाठी, तिच्यात तारीख, वॉर्ड, कोण काय बोललं, नावं, केसपेपरचा फोटो सगळं. दुसरी लोकांसाठी, तिच्यातून गाव, आडनाव, एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या गोळ्या घेता ते), मुलांची शाळा काढून टाका. बायकोला किंवा नवऱ्याला आधी वाचून दाखवाच, कारण तुमच्या गोष्टीत त्यांचंही स्टेटस, म्हणजे एचआयव्ही आहे की नाही ते, उघडं पडतं आणि ते सांगायचा हक्क तुमचा नाही.

नाव लपवलं म्हणजे भित्रा, असं काही नाही हां. नोकरी नाकारलेल्या एका कामगाराची केस मुंबई हायकोर्टात ‘एमएक्स’ नावाने चालली आणि 1997 ला तो जिंकला, आताच्या कायद्यातही कोर्टात टोपणनावाची सोय आहे. उलट गोव्याच्या डॉमिनिक डिसोझाला 1989 मध्ये कुणी विचारलंच नाही, रक्तदानात एचआयव्ही सापडला म्हणून पकडून 64 दिवस एकटं कोंडलं, नाव गावभर झालं. नंतर तो उघडपणे लढला, पण नाव सांगायचं की नाही हे ठरवायला त्याला मिळालंच नव्हतं, तुम्हाला मिळतंय.

पत्रकार आला तर नाव नाही, फोटो नाही, ‘एड्सग्रस्त’ शब्द नाही, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको. व्हिडिओत मागच्या भिंतीवरचं दुकानाच्या नावाचं कॅलेंडर बघा, मी त्यानेच ओळखला गेलो होतो.

‘एका ताटात जेवलं तर?’ येणारच. त्याला भाषण नको. गोळ्या नीट चालू आहेत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, टेस्टमध्ये सापडत नाही आणि तसाच राहिला तर संबंधातूनसुद्धा लागण होत नाही, मग ताटाचं काय घेऊन बसलात, एवढं बस.

बोलून आलात की त्या रात्री झोप लागत नाही, घरी किंवा फोनवर कुणीतरी ठेवा. आणि गोळीची वेळ चुकवू नका, मी पहिल्याच कार्यक्रमाला चुकवली होती.