वणव्याचा धूर आणि परसातील कोंबड्या : या चुका टाळा

फेब्रुवारी ते मे या काळात कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर वणवे लागतात, तेव्हा आंबा-काजूच्या बागा वाचवण्यासाठी सगळी वाडी धावते. खुराड्याकडे लक्ष जाते ते कोंबड्या चोच उघडून धापा टाकू लागल्यावर. वस्तुतः त्यांना धुराचा त्रास आपल्याआधी होतो. कोंबडीची फुप्फुसे आपल्यासारखी फुगत-आकसत नाहीत. शरीरातील 9 वायुकोश भात्यासारखे काम करून हवा त्यांतून एकाच दिशेने वाहती ठेवतात, आणि हवा व रक्त यांच्यामधील पडदा अतिशय पातळ असतो. प्राणवायू भरपूर मिळवून देणारी ही रचना धुरातील 2.5 मायक्रॉनहून बारीक कणही तितक्याच सहजपणे आत घेते.

सर्वांत घातक चूक चांगल्या हेतूने होते: धूर आत येऊ नये म्हणून खुराडे ताडपत्रीने चहूबाजूंनी गच्च बांधले जाते. बारीक कण फटींतून येतच राहतात. आत कोंडतात ती उष्णता आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया. कोंबडीला घाम येत नाही. तापमान साधारण 30 अंशांपलीकडे गेले की ती मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर काढते, म्हणजे कोंडलेल्या खुराड्यात ती तोच धूर दुप्पट घाईने ओढू लागते. अमोनियाचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत 25 भागांपुढे गेल्यास श्वासनलिकेतील कचरा बाहेर लोटणारे सूक्ष्म केस निकामी होऊ लागतात आणि धुराचे कण आतच साचतात. उभ्याने वास घेऊन हे कळत नाही. कोंबडीच्या उंचीइतके वाकावे, आणि डोळे चुरचुरले तर खाली अंथरलेले तूस त्याच दिवशी बदलण्याऐवजी, धूळ उडू नये म्हणून, ओले झालेले भाग तेवढे हलक्या हाताने उचलून वर कोरडे तूस पसरावे. ताडपत्री लावायचीच असेल तर धूर ज्या बाजूने येतो त्या एकाच बाजूला लावावी आणि समोरची बाजू वरून मोकळी ठेवावी. ओले गोणपाट उडती राख अडवते, थोडा गारवाही देते, पण बारीक कण गाळत नाही. शिवाय किनाऱ्यालगतच्या दमट हवेत चारही बाजूंना ओली गोणपाटे लावल्यास धापा टाकूनही कोंबडीचे अंग निवत नाही. चार-सहाच कोंबड्या असतील तर त्यांना डालग्याखाली घेऊन चुलीपासून दूरच्या पडवीत ठेवणे यापेक्षा पुष्कळ बरे.

दुसरी चूक आपल्या सवयीची आहे. पिसवा-डासांसाठी संध्याकाळी खुराड्यात दिली जाणारी कडुनिंबाची किंवा गोवरीची धुरी वणव्याच्या दिवसांत पूर्णपणे बंद ठेवावी. तो औषधी धूर आणि हा जंगलातला धूर असा भेद कोंबडीच्या वायुकोशांना करता येत नाही. रात्री थंड हवेबरोबर धूर दरीत आणि सखल जागी बसतो, त्यामुळे दिवसा आकाश स्वच्छ दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. मोबाइलवरील हवेच्या गुणवत्तेचा आकडाही बहुधा दूरच्या शहरातील केंद्राचा असतो. नेहमी दिसणारा समोरचा डोंगर दिसेनासा होणे हीच वाडीतील खरी खूण.

कोंबड्या हलवायच्या असतील तर त्यांच्यामागे धावू नये, कारण पळापळीने श्वास वाढतो. रात्री त्या बसल्यावर अंधारात अलगद उचलाव्यात. खुडूक कोंबडी मात्र धुरातही अंडी सोडत नाही, म्हणून तिला टोपलीसकट आधी हलवावे. पाण्यावर राखेचा थर साचत असल्याने भांडी दिवसातून तीनदा धुऊन भरावीत. कोरड्या भरड्यावर थोडे पाणी शिंपडावे; उरलेला ओला भरडा उन्हात आंबतो, तो तासाभरात काढून घ्यावा.

घरघर ऐकताच दुकानातून प्रतिजैविक आणून पाण्यात मिसळणे हीही मोठी चूक आहे, कारण धुराने चिडलेल्या श्वासनलिकेवर त्याचा काहीच उपयोग नाही. धुराचा त्रास बहुतेक कोंबड्यांना एकाच वेळी सुरू होतो आणि स्वच्छ हवा मिळाल्यावर ओसरू लागतो. एकीकडून दुसरीकडे पसरत जाणारा आजार, हिरवट हगवण, वाकडी होणारी मान किंवा लुळे पडणारे पाय दिसल्यास मानमोडीचा (राणीखेत या विषाणूजन्य रोगाचा) संशय घ्यावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्यास त्या घरी कापून पाहू नयेत.

धूर सरल्यानंतरही अंडी काही दिवस कमी मिळतात. किमान एक-दोन आठवडे नव्या कोंबड्या कळपात सोडू नयेत, बाजाराचा प्रवास टाळावा आणि या काळात येणाऱ्या लशीबद्दल आधी पशुवैद्यकाला विचारावे. चुलीतील लाकडाच्या राखेत कोंबड्यांनी लोळण्यास हरकत नाही, किंबहुना उवांसाठी ती चांगलीच. पण वणव्यात ठिबकच्या नळ्या, प्लास्टिक किंवा रंगवलेले लाकूड जळले असेल, तर ती राख ओली करून उचलेपर्यंत कोंबड्या त्या जागेवर सोडू नयेत.