ग्रँट मागायला जाण्याआधी कपाटातली फाईल उघडा

मानखुर्दला आमची छोटी संस्था आहे, मुलांची अभ्यासिका आणि बायकांचे बचत गट एवढंच काम, आणि हिशेब मी बघते. ओळखीतली मंडळी अधूनमधून फोन करतात, ताई तुम्हाला सीएसआर (मोठ्या कंपन्यांना कायद्याने समाजकामावर खर्च करावा लागतो तो पैसा) मिळतो तर आमचं पण प्रपोजल लिहून द्या ना. मी आधी एकच विचारते, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आहेत का? पलीकडे एकदम शांतता. प्रपोजल कोणीही लिहून देईल हो, कागद कोण आणून देणार?

तर कागदापासून सुरू करू. महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी केली की काम संपत नाही, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली पण नोंदणी लागते, मुंबईकरांसाठी म्हणजे वरळीचं धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस. दोन्ही सर्टिफिकेटं, संस्थेची घटना म्हणजे नियमावली, पॅन, ऑडिट, सगळं एका फाईलला लावा आणि स्कॅन करून ड्राईव्हवर टाका. आणि चेंज रिपोर्ट! कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत तो धर्मादाय आयुक्तांकडे दाखल करायचा असतो आणि निम्म्या संस्था इथेच झोपलेल्या असतात. आम्ही पण झोपलो होतो. आमचे जुने खजिनदार गावी निघून गेले, नवीन आले, ठराव रजिस्टरमध्ये लिहिला पण दाखल कोणी केलाच नाही, आणि एका कंपनीने कागद तपासले तेव्हा सही करणारा माणूस वेगळा आणि रेकॉर्डवरचा वेगळा. ग्रँट गेली. चूक शंभर टक्के आमची होती, राग कोणावर काढणार.

मग इन्कम टॅक्सचं १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला करसूट). नवीन संस्थेला आधी तीन वर्षांचं तात्पुरतं मिळतं, पुढे नियमित, आणि संपायच्या सहा महिने आधी अर्ज टाकायचा असतो, ती तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये आत्ताच टाका. एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे जुनं फॉर्मचं नाव घेऊन बसू नका, सीएला विचारा. हे झालं की नीती आयोगाच्या दर्पण या संस्थांच्या पोर्टलवर नोंदणी आणि कंपन्यांसाठी सीएसआर-१ नंबर, म्हणजे कंपनी मंत्रालयाकडची संस्थेची नोंदणी, २०२१ पासून त्याच्याशिवाय कंपनी बाहेरच्या संस्थेला सीएसआरचा पैसा देऊ शकत नाही. शिवाय तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव पण नियमातच आहे, म्हणून काल सुरू झालेल्या मंडळाने कंपन्यांच्या मागे धावून चपला झिजवू नयेत. तोपर्यंत वर्गणी. गणपतीला दारोदार फिरून वर्गणी जमवणाऱ्यांना हे काय नवीन आहे का, फक्त पावती ८०जीची द्या आणि लक्षात ठेवा, २००० रुपयांच्या वर रोख दिलं तर देणाऱ्याला सूट मिळत नाही, यूपीआय किंवा चेक घ्या.

परदेशी पैशाबद्दल थोडक्यात सांगते, एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असेल तरच घ्यायचा. त्याला तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेला लागतो, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत, आणि २०२० नंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. अमेरिकेतल्या कोणा भाच्याने प्रेमाने संस्थेच्या साध्या खात्यात डॉलर पाठवले तरी लफडं होऊ शकतं, आधी विचारा.

आता कोणाकडे जायचं. सगळे बीकेसी नाहीतर नरिमन पॉइंटच्या काचेच्या बिल्डिंगींकडे बघतात. पण कायद्यातच लिहिलंय की कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, म्हणजे आमच्यासारख्यांनी आधी चेंबूर-माहुल पट्टा बघावा, तिथे आरसीएफचा खत कारखाना आहे, बीपीसीएल, एचपीसीएलच्या रिफायनऱ्या आहेत. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालात सीएसआरचं परिशिष्ट असतं, आणि कुठल्या कामांना पैसे देतात ती प्रोजेक्टची यादी कंपनीच्या वेबसाइटवर असते. ते वाचायला अर्धा तास लागतो. जी कंपनी दहा वर्षं फक्त डोळ्यांच्या कॅम्पला पैसे देते तिच्याकडे अभ्यासिका घेऊन गेलात तर चहा मिळेल. माझ्या मते जानेवारी-फेब्रुवारीत भेटावं, पुढच्या वर्षाचं प्लॅनिंग तेव्हा चालू असतं. मार्चमध्ये अचानक फोन येतो, पंधरा दिवसांत खर्च कराल का म्हणून, तो पैसा मी एकदाच घेतला, परत घेणार नाही.

बजेट. इथे आपली माणसं लाजतात आणि मग वर्षभर रडतात. आमचंच सांगते. ६० मुलं, दोन शिक्षिका १२,००० ने म्हणजे वर्षाचे २,८८,०००. खोलीचं भाडं ९,००० ने १,०८,०००. खाऊ १५ रुपये, २४० दिवस, ६० मुलं, म्हणजे २,१६,०००. वह्या-साहित्य मुलामागे ६००, ते ३६,०००. समन्वयक अर्धवेळ, महिना ९,०००, म्हणजे १,०८,०००, आणि अकाउंट-ऑडिटचे ३०,०००. बेरीज ७,८६,०००, म्हणजे एका मुलामागे वर्षाला १३,१००. पहिल्या वर्षी मी भाडं आणि ऑडिट बजेटमध्ये टाकलंच नव्हतं, वाटलं कमी आकडा दिसला की खूश होतील, आणि ते पैसे आम्ही घरातून भरले. आता कंपनीवाले म्हणतात अॅडमिन म्हणजे ऑफिसचा खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही, तेव्हा नम्रपणे सांगायचं की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर ऑफिसच्या खर्चाला आहे, प्रोजेक्ट चालवायला थेट जो खर्च लागतो तो त्यात येत नाही. समन्वयक नसेल तर मुलं आली की नाही हे बघणार कोण? हे एकदा शांतपणे सांगितलं तर बरेच लोक ऐकतात, फक्त ‘अॅडमिन’ असा एक गठ्ठा आकडा टाकू नका, कशासाठी काय ते फोडून लिहा.

पैसा आला की खरं काम. प्रत्येक ग्रँटचं लेजर म्हणजे खातेवही वेगळी, जमलं तर बँक खातंही. व्हाउचरवर तारीख, काम, घेणाऱ्याची सही आणि कुठल्या ग्रँटमधून ते लिहा. रिक्षाचं व्हाउचर बघा, ‘प्रवास ८०’ असं लिहिलेलं ऑडिटर फेकून देतो, ‘मानखुर्द स्टेशन ते साठेनगर, पालक सभा, ८०’ लिहिलं की कोणी काही विचारत नाही. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख द्यायचं नाही, टॅक्सच्या हिशेबात तो खर्च धरत नाहीत. वह्यांचे पैसे उरले आणि खाऊला कमी पडले तर आधी मेल, मग बदल, आणि मेलचं उत्तर आल्याशिवाय एक रुपया हलवू नका, फोनवर ‘हो हो करा ताई’ म्हणणारा माणूस तीन महिन्यांत नोकरी बदलून गेलेला असतो.

हप्ते उशिरा येणार हे धरूनच चाला. आमचा एप्रिलचा हप्ता एकदा ऑगस्टमध्ये आला, यूटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचा पैसा ठरल्या कामाला खर्च झाल्याचा दाखला, आम्ही वेळेवर दिलं होतं तरी. चार महिने शिक्षिकांचे पगार कुठून? वर्गणीचा जो साधा पैसा असतो, कुठल्याच प्रोजेक्टला न बांधलेला, त्यातून. म्हणून मोठी ग्रँट मिळाली तरी शंभर-दोनशे देणारी माणसं सोडायची नाहीत, तीन महिन्यांचे पगार निघतील एवढं बाजूला ठेवायचं.

आणि पैसा उरला तर लपवू नका. फेब्रुवारीतच लेखी कळवा, ३० मार्चला नाही. एका वर्षी आमचे खाऊचे १३,५०० उरले, कारण पावसात वस्तीत पाणी भरलं की अभ्यासिका बंद असते ते दिवस बजेट करताना मी मोजलेच नव्हते. कंपनीने विचारलं परत करता की पुढच्या वर्षी वापरता, मी पुढे वापरायची परवानगी लेखी घेतली आणि नवीन बजेटमध्ये २४० च्या जागी २२५ दिवस टाकले.