सौरवाऱ्याच्या अभ्यासाकडे येताना: दिंडोरीहून निघालेल्या एकीचा अनुभव

आमच्या दिंडोरीकडे फेब्रुवारी-मार्चचे दिवस म्हणजे जीव टांगणीला. द्राक्षांचे घड तयार, मण्यांत साखर उतरत आलेली, व्यापाऱ्याशी भावाची बोलणी चाललेली आणि दुपारनंतर आभाळ भरून येतं. आप्पा बांधावर उभे राहून वाऱ्याचा अंदाज घ्यायचे. ढग येतोय हे दिसायचं. त्यात गारा आहेत की नुसताच शिडकावा, हे तो डोक्यावर आल्याशिवाय कळत नसे. पुढे सूर्याचा अभ्यास करू लागल्यावर ध्यानात आलं, की आमच्या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. नाशिककडची बी.एस्सी.ची मुलंमुली मला विचारतात, "ताई, या क्षेत्रात यायचं तर काय करावं?" परीक्षांचं पुढे सांगतेच, पण आधी प्रश्न सांगते. प्रश्नच मनात बसला नाही, तर पुढची दहा वर्षं जड जातात.

सूर्य प्रकाश देतो, तसा तो स्वतःलाही सतत थोडा थोडा उधळत असतो. प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि थोडे हेलियमचे केंद्रक चारी बाजूंना वाहत राहतात. हाच सौरवारा. पृथ्वीपाशी तो सेकंदाला साधारण ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने पोहोचतो आणि तरी इतका विरळ, की एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा कण. त्याच्यासोबत सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही ओढलं जातं. सूर्य स्वतःभोवती फिरतो, पृथ्वीवरून पाहिलं तर सुमारे २७ दिवसांत एक फेरी, त्यामुळे त्या क्षेत्राच्या रेषा सर्पिलाकार होतात. भाजीच्या वावरातला फिरता तुषार आठवा. प्रत्येक थेंब सरळच बाहेर जातो, पण धार वाकलेली दिसते. मला हे पहिल्यांदा उमगलं ते आमच्याच मेथीच्या वाफ्याशेजारी.

मधूनच सूर्यावरून अब्जावधी टनांचा मोठा लोट सुटतो. आम्ही त्याला सीएमई (कोरोनल मास इजेक्शन) म्हणतो. तो पृथ्वीपर्यंत यायला एक ते चार दिवस घेतो. सुटताना तो दुर्बिणीत दिसतो, वेगाचा अंदाज येतो, कधी धडकेल हेही काही तासांच्या फरकाने सांगता येतं. त्याच्या आतलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे झुकलेलं आहे की दक्षिणेकडे, हे मात्र दिसत नाही. उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचं चुंबकीय कवच त्याला बरंचसं थोपवतं. दक्षिणेकडे असेल तर दोन्ही क्षेत्रांच्या रेषा एकमेकींत जोडल्या जातात, कवचाचं दार उघडतं आणि चुंबकीय वादळ होतं. ही दिशा नेमकी कळते ती लोट एल-१ या बिंदूवरच्या यानावर आदळल्यावर. हा बिंदू पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे १५ लाख किलोमीटरवर. सेकंदाला ४०० किलोमीटरने हे अंतर कापायला तासभर लागतो, ८०० ने अर्धा तास. म्हणजे हातात उरतो तो एवढाच वेळ.

हे मी आप्पांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ढग डोक्यावर आल्यावर सांगून काय उपयोग, बाई? डाग घालायचा तो घालूनच जातो." मी आज जे काम करते ते या वाक्याभोवतीच फिरतं.

आता मी इथे आले कशी, ते. शाळेत असताना २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, सरांनी आम्हाला एसटीने खोडदला नेलं. नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगाव लागतं, तिथून आत गेलं की जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या दिसू लागतात. एकेक थाळी ४५ मीटर व्यासाची, अशा ३०. मला वाटलं होतं पत्र्याच्या असतील, तर ती होती तारांची जाळी, आरपार आभाळ दिसणारी. ऊस आणि कांद्याच्या शेतांमध्ये उभं राहून कुणी आकाश ऐकतंय, हे मला तेव्हा फार जवळचं वाटलं. तुम्ही नाशिकचे असाल आणि अजून तिथे गेला नसाल, तर येत्या विज्ञान दिनी जा. माहितीपत्रकं वाचण्यापेक्षा तिथल्या शास्त्रज्ञांशी बोला, ते मराठीत उत्तरं देतात.

एफवायला होते तेव्हा २२ जुलै २००९ चं खग्रास ग्रहण आलं. आम्ही चार मैत्रिणी घरच्यांची परवानगी काढून सुरतेला गेलो. पावसाळी ढगांनी सूर्य दिसलाच नाही. पण सकाळी तीनेक मिनिटं काळोख झाला, पाखरं गप्प झाली आणि अंगावर सरसरून काटा आला. सूर्याभोवतीचं तापलेल्या वायूचं विरळ आवरण, म्हणजे प्रभामंडल, मला बघायला मिळालं नाही, आणि ते बघायची ओढ तिथूनच लागली. (ग्रहणाचा काळा चष्मा आयएसओ मानकाचा असल्याची खात्री केल्याशिवाय सूर्याकडे पाहू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून पडद्यावर प्रतिमा पाडणं सगळ्यात सुरक्षित.)

एम.एस्सी. नंतरची माझी पहिली पीएच.डी. मुलाखत फसली. समोरच्यांनी विचारलं, "सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि वरचं प्रभामंडल दहा लाख अंशांच्या पुढे. असं प्रभामंडल सूर्याभोवती स्थिर का राहू शकत नाही?" मी यानांची नावं सांगितली, छायाचित्रांचं वर्णन केलं. त्यांनी शांतपणे पुन्हा तोच प्रश्न विचारला. मला उत्तर आलं नाही. रात्रीच्या बसने परत येताना सिन्नरपर्यंत डोळा लागला नाही.

त्यानंतर महिनाभर मी एकच गोष्ट केली. अमेरिकेचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडलेलं सौरवाऱ्याचं गणित स्वतःच्या हाताने सोडवलं. प्रभामंडल स्थिर धरून चाललं तर फार दूरवर, ताऱ्यांमधल्या पोकळीत, त्याचा दाब इतका उरतो, की त्याला तोलून धरायला तिथे काहीच नाही. म्हणून ते वाहायलाच हवं, आणि हळू सुरू होऊन पुढे ध्वनीच्या वेगाहून जलद व्हायला हवं. पार्कर तेव्हा एकतीस वर्षांचे होते. परीक्षकांनी त्यांचा शोधनिबंध नाकारला होता. नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना निष्कर्ष पटला नव्हता, पण गणितात चूक सापडत नाही म्हणून त्यांनी तो छापला. १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने शुक्राकडे जाताना सौरवारा सतत मोजला आणि प्रश्न मिटला. पुढे पार्कर यांच्याच नावाचं यान २०१८ मध्ये सुटलं आणि २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटर अंतरापर्यंत गेलं. हे गणित टीवायच्या कॅल्क्युलस आणि उष्मागतिकीवर सुटतं. या क्षेत्रात यायचं असेल तर कोणत्याही क्लासच्या आधी ते सोडवा. दुसऱ्या मुलाखतीत मला वेगळं विचारलं गेलं, पण मी फळ्यापाशी न घाबरता उभी राहिले ती त्या महिन्यामुळे.

माझी पीएच.डी. लुकलुकीवर झाली. हवेमुळे तारे लुकलुकतात, तसे क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रं, सौरवाऱ्यामुळे रेडिओ लहरींत लुकलुकतात. उटीला ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद रेडिओ दुर्बीण आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७० मध्ये उभी केली. जागा निवडली ती डोंगराच्या अशा उताराची, की उताराचा कोन आणि तिथले अक्षांश सारखेच, सुमारे अकरा अंश. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो आणि एकाच अक्षावर फिरवून स्रोताचा तासन्‌तास माग काढता येतो. एल-१ वरचं यान म्हणजे बागेत एका खांबावर लावलेलं हवामान यंत्र, फक्त त्या खांबापाशी काय चाललंय तेवढं सांगणारं. लुकलुकीची पद्धत म्हणजे समोरच्या अख्ख्या उतारावरची पानं कुठे कशी हलतायत ते बघणं. ती ढोबळ आहे, पण लोट वाटेत असतानाच त्याचा माग लागतो. आप्पांच्या प्रश्नाला माझ्याकडून एवढंच उत्तर आजवर निघालंय, आणि दिशेचा गुंता अजून सुटलेला नाही. तुम्ही यावं असं मला वाटतं ते त्यासाठीच.

परीक्षांचं थोडक्यात. बी.एस्सी. भौतिकशास्त्र किंवा इंजिनीअरिंग, दोन्हीकडून येता येतं. एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या. पीएच.डी.साठी बऱ्याच संस्था जेस्ट, नेट किंवा गेटचा निकाल धरतात, काहींची स्वतःची परीक्षा असते, म्हणून दर वर्षीची जाहिरात नीट वाचा. सौरभौतिकीसाठी बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, अहमदाबादची पीआरएल आणि तिची उदयपूरची सौर वेधशाळा, नैनितालची एरीज, पुण्यातली आयुका आणि एनसीआरए, पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ही ठिकाणं नजरेसमोर ठेवा. त्याआधी एसवाय-टीवायच्या उन्हाळ्यात विज्ञान अकादमींची संशोधन शिष्यवृत्ती किंवा आयुका-एनसीआरएचे विद्यार्थी उपक्रम यांपैकी एखादं नक्की करा. मी पहिल्या वर्षी सोळा जणांना पत्रं लिहिली, दोघांनी उत्तर दिलं. सोळाही पत्रं सारखीच होती, हे माझं चुकलं. पुढच्या वर्षी समोरच्याचा एक निबंध वाचून त्यातल्या एका आलेखाबद्दल प्रश्न विचारला आणि काम मिळालं.

पैशांचंही स्पष्ट सांगते, कारण शेतकऱ्याच्या घरात हे विचारलं जातंच आणि विचारलं जावं. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (पीएच.डी.ची सुरुवातीची शिष्यवृत्ती) महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफला (तिचा वरचा टप्पा) ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा, पुढे पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, काही वर्षं, तीही बहुधा परगावी किंवा परदेशी. कायमची नोकरी पस्तिशीच्या आसपास. मुलींना या काळात लग्नाबद्दल जे ऐकून घ्यावं लागतं ते मीही ऐकलं. माझ्या आईने नातेवाइकांना ठामपणे सांगितलं, "तिचं अजून शिक्षण चालू आहे." त्या एका वाक्याच्या जोरावर मी चार वर्षं काढली.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आकडेवारीशी मैत्री करायला प्रवेश मिळायची वाट बघू नका. आदित्य-एल१ हे आपलं यान २ सप्टेंबर २०२३ ला सुटलं आणि ६ जानेवारी २०२४ ला एल-१ भोवतीच्या कक्षेत स्थिरावलं. त्यावर सात उपकरणं आहेत. सौरवाऱ्याचे कण मोजणारं अ‍ॅस्पेक्स अहमदाबादचं, पापा तिरुवनंतपुरमचं, चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर बेंगळुरूचा. अतिनील प्रकाशात सूर्याची छायाचित्रं घेणारं सूट पुण्याच्या आयुकाने घडवलं. यातली आकडेवारी इस्रोच्या 'प्रदान' संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येते. नासाच्या ऑम्नीवेबवर तर अनेक दशकांचे आकडे आहेत. पायथॉन शिका आणि सूर्याच्या आकडेवारीसाठीचं सनपाय नावाचं मोफत पॅकेज हाताळा. साधा लॅपटॉप पुरतो.

सुरुवात १० आणि ११ मे २०२४ पासून करा. त्या वादळात लडाखमधल्या हानलेचं आकाश तांबडं झालं होतं. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थबकले, ही बातमी मी आप्पांना वाचून दाखवली तेव्हा त्यांना माझं काम पहिल्यांदा आपलं वाटलं. सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, ज्याला आम्ही बीझेड म्हणतो (उणे म्हणजे दक्षिणेकडे), एरवी चार-पाच नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आत खेळतो. त्या दिवशी तो उणे ५० च्या आसपास गेला. सौरवाऱ्याचा वेग, घनता आणि बीझेड एकाखाली एक काढा आणि वादळ कुठल्या क्षणी सुरू झालं ते स्वतः शोधा.

एक सावधगिरी. जिथे मोजमाप नसतं तिथे ऑम्नीच्या फाइलमध्ये ९९९९ सारखा आकडा भरलेला असतो. मी पहिल्या वर्षी तो न काढताच सरासरी घेतली, आणि चुकीचा आलेख गटाच्या बैठकीत दाखवला. मार्गदर्शकांनी फक्त विचारलं, "कच्चे आकडे डोळ्यांनी पाहिलेस का?" तेव्हापासून कुठलीही फाइल आली की पहिल्या शंभर ओळी मी वाचते.

आणि जमलं तर अलिबागला जा. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १ आणि २ सप्टेंबर १८५९ चं महावादळ नोंदलं गेलं. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याची ती नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. २०२४ च्या वादळात ही घट चारशेच्या आसपास होती, यावरून १८५९ च्या वादळाची ताकद समजेल. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा काढली आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेऊन जुनी मापं नव्यांशी जुळवली. माझ्या कुठल्याही आलेखात १९०६ च्या आधीचा आणि नंतरचा काळ सलग जोडता येतो, तो त्या दोन वर्षांमुळे.

सध्या मी उटीच्या जुन्या नोंदी आणि आदित्यची नवी मोजमापं शेजारी ठेवून बघते आहे, लोट वाटेत असतानाच दिशेचा काही सुगावा लागतो का. आतापर्यंतच्या बारा लोटांपैकी पाचांत अंदाज बरोबर आला, सातांत चुकला. गेल्या आठवड्यात आप्पांचा फोन आला होता. बागेत खरड छाटणी चालू होती. त्यांनी विचारलं, "तेरावा कधी येतोय?"